अमुकतमुक दोन हजार

'धर्माची गाय, दात का गं नाय' अशी आपल्याकडे म्हण आहे. फुकट मिळालेल्या गायीचे दात बघू नयेत, असा तिचा अर्थ शाळेत सांगितला होता. पण ज्याने ही म्हण केली त्याने आधी गायीचं तोंड उघडून बघितलं असणारच, नाहीतर दात नाहीत हे त्याला कळलं कसं? तेव्हा मीही आज एका फुकटच्या गायीचे दात मोजायला बसलो आहे, यात परंपरेला सोडून काही नाही. गायीचं नाव फूबार २०००. ही दूध देत नाही, गाणी वाजवते. कॉम्प्युटरवर वाजवते, फोनवर वाजवते, आणि त्याबद्दल एक पैसा मागत नाही.

नावापासूनच सुरुवात करू. 'फू' आणि 'बार' हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींचे अमका आणि तमका. गणिताच्या मास्तरांना उदाहरणात धरायला जसा 'क्ष' लागतो, किंवा लग्नाच्या पंगतीचा हिशेब करताना जागा अडवून ठेवायला जसे 'त्यांच्याकडचे चौघे' लागतात, तसे या लोकांना फू आणि बार लागतात. खरं नाव सुचलं की हे पुसायचे. इथे ते पुसायचं राहून गेलं. म्हणजे मराठीत सांगायचं तर या वस्तूचं नाव 'अमुकतमुक दोन हजार'. बरं, दोन हजार हे साल म्हणावं, तर ती पहिल्यांदा लोकांपुढे आली डिसेंबर २००२ मध्ये. बारशालाच नाव दोन वर्षं शिळं!

तिचा कर्ता पीटर पाव्लोव्स्की. हा गृहस्थ आधी नलसॉफ्ट कंपनीसाठी काम करत असे. नलसॉफ्ट म्हणजे विनॅम्पवाले. विनॅम्प तुम्हाला आठवत असेल. १९९७ साली जस्टिन फ्रँकेल या अठरा वर्षांच्या पोराने दिमित्री बोल्डिरेव्ह या साथीदाराला घेऊन तो काढला, आणि शतक बदललं त्या सुमाराला स्टेशनाबाहेरच्या सायबर कॅफेत शिरलं की कोपऱ्यात त्याचा तो काळपट चौकोन दिसायचाच. त्याला हवे तसे कपडे चढवता येत. १९९९ मध्ये एओएल या बड्या कंपनीने नलसॉफ्ट विकत घेतली. चाळ बिल्डरकडे गेली की पुढे काय होतं हे मुलुंडकरांना समजावून सांगायला नको. २०१३ च्या अखेरीस 'दुकान बंद' अशी पाटी लागली, आणि २०१४ च्या सुरुवातीला ते दुकान आणखी तिसऱ्याच कंपनीने घेतलं.

पाव्लोव्स्कींनी आपली चाळ कुणाला दिली नाही. आणि घाईही केली नाही. पहिल्या आवृत्तीवर '१.०' असा आकडा घालायला त्यांना जानेवारी २०१० उजाडला. तोवर सात वर्षं सगळं शून्य पॉइंट अमुकमध्ये चाललं होतं. '२.०' यायला २०२३. आमच्या ओळखीत असे कवी आहेत, ज्यांची दुसरी आवृत्ती पहिली खपायच्या आत निघते. त्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं.

ही गाय आमच्या दारात आली ती ११२ कॅसेटींमुळे. या कॅसेटी चाळीस वर्षं आमच्या दिवाणाखाली होत्या. दर दिवाळीला हिचा आणि माझा त्यांच्यावरून एक ठरलेला संवाद होई. "अहो, या कॅसेटी तरी काढा, नाहीतर दिवाण तरी." गेल्या वर्षी मात्र ती नुसतंच "अहो" म्हणाली आणि पुढचं बोललीच नाही. ही धोक्याची खूण मी ओळखली. अंधेरीच्या भाच्याला फोन केला. तो कॉम्प्युटरमधला. दोन मोठ्या पिशव्या घेऊन तो घाटकोपरपर्यंत लोकलने आणि तिथून मेट्रोने गेला, आणि तीन महिन्यांनी परत आला तेव्हा सगळ्या कॅसेटी त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात होत्या. काड्यापेटीएवढी डबी. तीत भीमसेन, कुमार, माणिक वर्मा, वसंतराव, सुधीर फडके, सगळे. मला क्षणभर ते बरं वाटलं नाही.

"आणि हे वाजवायला?" मी विचारलं.

"फूबार टाकून दिलंय. फुकट आहे. मामा, आता ते तुला हवं तसं मांडून घे," असं म्हणून तो गेला. 'हवं तसं मांडून घे' हे वाक्य किती भयंकर आहे ते मला तेव्हा कळलं नाही.

कारण उघडून बघतो तर काही नाहीच! एक पांढरं पान, वर चारदोन बटणं. बोरिवलीला नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅटचा ताबा मिळतो तेव्हा जसं दिसतं तसं: चार भिंती, एक नळ आणि छतातून लोंबणारी वायर. बाकी तुमचं तुम्ही बघा. गॅलरी आत घ्यायची असेल घ्या, मोरीची भिंत पाडायची असेल पाडा. फूबारचं अगदी हेच आहे. उजवीकडे यादी हवी, यादी लावा. डावीकडे अल्बमचं चित्र हवं, चित्र लावा. खाली आवाजाच्या नाचणाऱ्या काठ्या हव्यात, त्याही आहेत. शिवाय जगभरचे हौशी लोक याला जोडायचे सुटे भाग करून ठेवतात, तेही बहुतेक फुकट. आमच्या सोसायटीत एकाच नकाशावर बांधलेल्या चोवीस फ्लॅटांपैकी कुठलेही दोन आतून सारखे नाहीत. फूबारच्या दोन मालकांचे पडदे शेजारी ठेवले तर हा एकच प्रोग्रॅम आहे यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

तीन आठवडे मी सुतारकाम केलं. यादी डावीकडून उजवीकडे नेली, मग पुन्हा डावीकडे आणली. अक्षराचा आकार वाढवला. पार्श्वभूमी काळी केली. ती दुसऱ्या दिवशी शोकसभेसारखी वाटली म्हणून परत पांढरी केली. हिने विचारलं, "गाणं कधी लावताय?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या तीन आठवड्यांत मी एकही गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. गायीचा पडलेला पहिला दात तो हा. ज्याला ऐकायचं आहे त्याला ही आधी गवंडी करते, मग इलेक्ट्रिशियन करते, आणि कान शेवटी. एखादा रुबाबदार प्लेअर घेतला तर तो तुम्हाला पहिल्याच दिवशी सजलेली खोली देतो. त्यात खिळा मात्र ठोकू देत नाही. आता खिळा ठोकायची ज्याची जित्याची खोड आहे (आणि उपनगरातल्या मध्यमवर्गीय पुरुषाची ती असतेच, रविवारी ड्रिलचे आवाज उगाच येत नाहीत), त्याने कुठे जावं?

आता दुसऱ्या बाजूचं सांगतो. जो दात शाबूत आहे तो इतका लख्ख आहे, की मी तरी तसा बाजारात दुसरीकडे पाहिला नाही. फूबारच्या कर्त्याने नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवली आहेत. त्यात एक प्रश्न असा: 'हा बाकीच्या प्लेअरांपेक्षा चांगला वाजतो का?' उत्तर आहे, नाही. लोकांना आवाजात जो फरक ऐकू येतो तो बहुतेक वेळा मनाचा खेळ असतो, असंही पुढे म्हटलं आहे. मी हे दोनदा वाचलं. माझ्या आयुष्यात भाजीवाल्यापासून विमा एजंटापर्यंत 'आमचा माल इतरांसारखाच आहे' असं मला कोणी सांगितलेलं नाही.

आणि नुसतं सांगून थांबत नाहीत, परीक्षेची सोयही ठेवली आहे. एबीएक्स नावाचा एक सुटा भाग जोडता येतो. एकच गाणं दोन तऱ्हांनी साठवलेलं घ्यायचं, एक अ आणि एक ब. मग तो भाग त्यांतलं एक गुपचूप क्ष म्हणून वाजवतो. तुम्ही ओळखायचं, हे अ की ब? हे पुन्हा पुन्हा करायचं, म्हणजे एखादवेळी ठोकून दिलेलं बरोबर आलं तरी ते पुढे उघडं पडतं.

आमचे घाटकोपरचे साडू हे कान या विषयातले जाणकार. त्यांच्याकडे स्पीकरच्या ज्या तारा आहेत त्यांची किंमत त्यांनी एकदा सांगितली, आणि माझी बायको आपल्या बहिणीकडे बघून नुसती हसली होती. "एमपीथ्री हे गाणंच नव्हे हो," असं ते नेहमी म्हणतात. "फ्लॅक ऐका, फ्लॅक. एमपीथ्रीमध्ये तंबोऱ्याचा जीवच जातो." हे अगदी खोटं नाही. फ्लॅकमध्ये मूळ आवाजातलं काही टाकून देत नाहीत. एमपीथ्री जागा वाचवण्यासाठी काही टाकून देतो, जे कानाला बहुधा कळणार नाही ते. प्रश्न असा, की ते साडूंना कळतं का. मी त्यांना जेवायला बोलावलं, आमरस झाल्यावर हेडफोन दिले आणि सोळा वेळा विचारलं. सोळांपैकी आठ बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी आठच आले असते. साडू काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमरसाने कान जड होतात." पुढच्या खेपेला उपाशीपोटी बसायचं ठरलं आहे. अजून त्यांना सवड झालेली नाही.

(मी स्वतः ही परीक्षा दिली का, असं तुम्ही विचाराल. समीक्षकाला असले प्रश्न विचारू नयेत.)

बारीकसारीक सोयी पुष्कळ आहेत. सगळ्या सांगत बसलो तर ही जाहिरात होईल. दोन मात्र सांगायलाच हव्यात, कारण त्या आपल्या गाण्याच्या मुळाशी जातात. पहिली म्हणजे जोडणी. आलाप एका फाइलमध्ये आणि बंदिश पुढच्या फाइलमध्ये असेल, तर कित्येक प्लेअर मधे क्षणभर गप्प होतात. विद्याविहार आणि घाटकोपरच्या मधोमध गाडी थांबते तशी. कारण काही नसतं, सगळे एकमेकांकडे बघतात, पुन्हा चालू. एमपीथ्री बनवताना फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते, हे त्याचं कारण. ती किती चिकटली याची नोंद फाइलमध्ये असेल तर फूबार ती वाचतो आणि तेवढी कापून टाकतो. षड्ज लागलेला असतो तो लागलेलाच राहतो.

दुसरी म्हणजे आवाजाची पातळी. भावगीत हळू, पाठोपाठ नाट्यगीत असं येतं की शेजारचे काका भिंतीवर थाप मारतात. याला रिप्लेगेन हा उपाय आहे. प्रत्येक फाइलचा आवाज मोजून ठेवायचा आणि वाजवताना तो कमीजास्त करायचा. मूळ गाण्याला हात लागत नाही, फक्त नोंद होते. पण यात दोन तऱ्हा आहेत. प्रत्येक गाणं सुटं मोजायचं, किंवा सगळा अल्बम मिळून एकदाच मोजायचा. मी अडाणीपणाने पहिली तऱ्हा लावली आणि एका मैफिलीची माती केली. विलंबित एका फाइलमध्ये होता, द्रुत दुसरीत. मशीनने दोघांना एका पातळीवर आणून ठेवलं. बुवा अर्धा तास एकेक पायरी चढत वर गेले होते, आणि मी तिथे लिफ्ट बसवली. खयालाला अल्बमची तऱ्हा लावावी, सुगम संगीताला सुटी. हा अनुभवाचा सल्ला आहे, फुकट आहे, तेव्हा दात मोजू नका.

खरी पंचाईत पुढेच आहे. ही यंत्रं गाण्याला ओळखतात ती गाण्यावरून नव्हे, त्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवरून. चिठ्ठीत रकाने असतात: कलाकार, अल्बम, गाण्याचं नाव, क्रमांक, साल, प्रकार. आता हे रकाने ज्यांनी पाडले त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांची गाणी होती. एक गायक, त्याची एक तबकडी, तीत दहाबारा गाणी. आमच्याकडे 'मानापमान'मधलं एक पद घेतलं तर नाटककार खाडिलकर, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, गाणारा नट वेगळा, तो ज्या पात्राच्या तोंडून गातो ते पात्र वेगळं, आणि राग आहेच. यांतला 'कलाकार' कोण? मोठी भांडणं होतील. पूर्वी रेडिओवर निवेदक गीत, संगीत, स्वर असं तिन्ही नीट सांगायचा. त्याला हे रकाने दाखवले असते तर तो राजीनामा देऊन घरी गेला असता.

आणि प्रकाराचा रकाना तर विचारूच नका. एमपीथ्रीच्या पहिल्या चिठ्ठीत संगीताचे ऐंशी प्रकार ठरवून दिले होते. त्यांत पोल्का आहे, ख्रिश्चन रॅप आहे. नाट्यसंगीत नाही, अभंग नाही, लावणी नाही, ठुमरी नाही. नाटकाला जवळचं म्हणजे 'शो ट्यून्स'. बालगंधर्वांना शो ट्यून्समध्ये बसवायचं माझ्या हाताने झालं नाही.

माझ्या डबीत भीमसेन जोशी पाच निघाले. एक नुसते भीमसेन जोशी, एक पं. भीमसेन जोशी, एक पंडित भीमसेन जोशी, एक जोशी भीमसेन (हे शाळेच्या हजेरीपटातले असावेत), आणि एक भीमसेन जोशी ज्यांच्या नावापुढे चुकून एक रिकामी जागा पडली होती. यंत्राच्या हिशेबी ही पाच माणसं. त्यातून सगळे पंडित 'प'मध्ये आणि सगळे उस्ताद 'उ'मध्ये जाऊन बसलेले. 'गीतरामायणा'ची गोष्ट याहून वाईट. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी ती छप्पन्न गाणी ओळीने लागली. माझ्या डबीत क्रमांक घालायचे राहून गेले होते, आणि फूबारने ती नावाप्रमाणे लावली. प्रभू रामचंद्र आधी वनात गेले, मग केव्हातरी जन्मले. आमच्याकडची पूजेला आलेली म्हातारी मंडळी ते ऐकून एकमेकांकडे बघायला लागली.

पण इथेच ही गाय दूध देते. हे रकाने फोडता येतात, वाढवता येतात. 'राग' नावाचा रकाना हवा? घाला. 'ताल', 'नाटक', 'तबला' हवेत? घाला. वर त्या रकान्यांवर यादी लावायची एक छोटी भाषाच आहे, टक्क्यांची आणि डॉलरच्या चिन्हांची. एक कंस राहिला की सगळं कोसळतं, पण जमलं तर 'यमन' म्हटलं की घरातले सगळे यमन हात जोडून उभे राहतात, पंडित असोत की उस्ताद. छप्पन्न गाण्यांना क्रमांक घालायला एक दुपार गेली. पाच भीमसेनांचा एक करायला पाच मिनिटं. देवनागरीत लिहिलं तरी ते देवनागरीतच दिसतं, हेही सांगितलं पाहिजे. जुन्या कित्येक प्लेअरांत मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ यायची.

चिठ्ठी चिकटवण्याची ही अडचण मात्र नवी नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला यंत्र घेऊन आला आणि गौहर जान त्याच्यापुढे गायली. गाणं संपलं की ती इंग्रजीत आपलं नाव मोठ्याने सांगते. लोक म्हणतात, काय ठसका! ठसका असेलही. पण त्याचं साधं कारण असं, की त्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जायच्या. तिथल्या कारागिराला हे गाणं कोणाचं ते कळायचं कसं? तेव्हा कागदाची चिठ्ठी वाटेत हरवू नये म्हणून बाईंनी ती गाण्यातच घालून दिली. मुंबईत १९९० पासून जुन्या तबकड्या जपणाऱ्यांची एक संस्था आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. अशा मंडळींना तबकडीवरचं लेबल झिजून गेलेलं असलं तर शेवटचं ते नाव सांगणं किती उपयोगी पडत असेल, ते माझ्या आता ध्यानात येतं.

ध्यानात यायचं कारण, माझ्या यादीत सगळ्यात वर, भीमसेन, कुमार, माणिकताई या सगळ्यांच्या वर, एक प्रश्नचिन्ह होतं. नुसतं '?'. कलाकाराचा रकाना रिकामा असला की फूबार तिथे प्रश्नचिन्ह मांडतो. त्याखाली एकच फाइल होती. प्रकार: ब्लूज. (कॅसेटी ज्या कुठल्या प्रोग्रॅमने उतरवल्या त्याची ही करणी. जुन्या चिठ्ठीत शून्य क्रमांकाचा प्रकार ब्लूज आहे. काहीच ठरवलं नाही आणि शून्य पडलं, की माणूस ब्लूज गाऊ लागतो.) मी ती लावली.

आधी खूप खरखर. मग ताटात तांदूळ फिरवल्याचा आवाज. मग आमची आई ओवी म्हणू लागली.

ही १९८४ ची गोष्ट. बाबांनी टू-इन-वन आणला होता, आणि धाकट्या बहिणीने शाळेच्या कसल्याशा हस्तलिखितासाठी, एका भावगीतांच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर, आईच्या नकळत हे टिपलं होतं. मुलुंडच्या दोन खोल्यांत जातं कुठलं असणार? दळण गिरणीतून यायचं. पण आजीकडून ऐकलेल्या ओव्या आईच्या तोंडी होत्या, आणि तांदूळ निवडताना त्या बाहेर यायच्या. आवाज अगदी बारीक येत होता. मी रिप्लेगेन लावलं, सुट्या तऱ्हेने. आवाज वर आला, आणि त्याबरोबर आमचं घरच वर आलं. बाबांचं वर्तमानपत्र उलटलं. लांबून गाडी गेली. कुकर. कोणीतरी खोकलं, ते बहुधा मी. आईला उचलताना यंत्राने मागचं काही वगळलं नाही, त्याला वगळता येत नाही. याच्याबद्दल तक्रार करावी की नाही हे मला समीक्षक म्हणून अजून ठरवता आलेलं नाही.

आजकाल कोट्यवधी गाणी फोनवर भाड्याने मिळतात असं भाचा म्हणतो. नाव बोला, गाणं हजर. त्यांत कोणाशी तरी कोणाचा तरी करार संपतो आणि कालचं गाणं आज नसतं, ते जाऊ दे. जगातलं सगळं तिथे आहे, हेही मान्य. आमची आई तिथे नाही.

तेव्हा ते प्रश्नचिन्ह खोडायचं ठरलं. मी कलाकाराच्या रकान्यात आईचं नाव लिहिलं आणि गर्वाने सगळ्यांना कळवलं. बोरिवलीहून बहिणीचा फोन. "दादा, हे बाबांचं नाव मधे घातलेलं तिचं सासरचं नाव झालं. ओव्या तिच्या आईच्या. माहेरचं नाव लाव." पुण्याच्या भावाचं म्हणणं, 'सौ.' पाहिजे, ती बाबांच्या आधी गेली, सवाष्ण गेली. बायको म्हणाली, "बिल्डिंगमध्ये त्यांना कोणी नावाने ओळखत होतं का? तुमच्या नावाने नाहीतर बाबांच्या नावाने." हे खरं होतं. दारावर बाबांची पाटी. दूधवाल्याच्या वहीत खोलीचा नंबर. शाळेत अमक्याची आई, सासरी तमक्याची सून. ती जन्मभर फू आणि बारच होती.

मग मला एक पुस्ती आठवली. गी प्वातवँ आणि हेमा राइरकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ठेवल्या आहेत. मी त्यांतलं थोडं वाचलं आहे. तिथे ओवी नुसती ओवी म्हणून येत नाही, गाणारणीचं नाव आणि तिचं गाव तिच्याबरोबर येतं. ज्या बाईचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठे आलं नसेल, तिचंही. चिठ्ठी कशी लिहावी हे मी तिथून घेतलं.

आणि फूबारमध्ये एक सोय आहे, जी मी तोपर्यंत बिनकामाची समजत होतो. एका रकान्यात दोन नावं घालायची असतील तर मधे अर्धविराम द्यायचा. ही दोन वेगळी नावं आहेत हे त्याला कळतं, आणि यादीत एकच गाणं दोन्ही नावांखाली सापडतं. माहेरचं नाव, अर्धविराम, सासरचं नाव. ती दोन्ही घरी आहे. बहिणीचं समाधान झालं, भावाचं निम्मं झालं ('सौ.' मी घातलं नाही). नाव इथे छापत नाही, ते तिला आवडलं नसतं. प्रकार: ओवी. साल: १९८४. शेवटी शेऱ्याचा रकाना होता, त्यात मी लिहिलं, 'मुलुंड पूर्व. तांदूळ निवडताना. मागे बाबांचा पेपर, एक लोकल, कुकरच्या तीन शिट्ट्या.'

फाइल बहिणीला पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन.

"दादा, तीन कशा? आई भाताला दोनच शिट्ट्या करायची."

मी हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. तिसरी लांबून येत होती, शेजारच्यांची. शेऱ्यात तशी दुरुस्ती केली.